कितीला पडली?

(दृश्य: जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातली सकाळ. ओला रस्ता, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. आवाज आधी येतो, गाडी नंतर.)

शोरूममध्ये गेलं की आपण गाडीचं दार एकदा उघडून लावून बघतो. 'ठप्प' असा भरीव आवाज आला की मान डोलावतो. दणकट आहे हो गाडी!

इथे, नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, त्या आवाजाला कुणी विचारत नाही. 1927 साली खुला झालेला हा रस्ता. त्याचा आज वापरात असलेला जुना भाग 20.8 किलोमीटरचा. ठरलेल्या दिवशी पैसे भरले की कुणीही आपली गाडी त्यावर घालू शकतो. कठडा वाकवलात, तर दुरुस्तीचं बिलही तुमच्याच नावावर.

कंपन्या मात्र इथे घड्याळ घेऊन येतात. 2007 साली निसानने जीटी-आर ही स्पोर्ट्स कार आणली आणि 7 मिनिटं 38 सेकंदांत फेरी मारली. पुढच्याच वर्षी आकडा आला 7 मिनिटं 29 सेकंद. पोर्शे 911 टर्बोपेक्षा कितीतरी स्वस्त गाडी, आणि तिच्याहून वेगवान? पोर्शेने स्वतः एक जीटी-आर विकत घेतली, इथेच पळवली आणि जाहीर केलं की आमच्या हातून काही ती वेळ निघत नाही. वाद पुढे बरेच दिवस चघळला गेला.

त्या वादात एक साधी गोष्ट बाजूला राहिली. घड्याळ मोजतं एक फेरी. गाडी घेणारा पैसे मोजतो ते दिवसभराच्या वीस-पंचवीस फेऱ्यांसाठी.

(दृश्य: ब्रेकची डिस्क, कडेने तांबूस तापलेली.)

जरा हिशोब करू. 1600 किलोची गाडी 200 च्या वेगाने येतेय आणि वळणाआधी 80 वर आणायचीय. त्या काही सेकंदांत ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यावर सहा लिटर थंड पाणी उकळेल. चहाचं मोठं पातेलं, एका वळणापाठी एक. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 या प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश. ओलावा धरलेल्याचा 155 पर्यंत घसरू शकतो. तेल उकळलं की पायाखालचं पेडल मऊ होतं. हा अनुभव पहिल्या फेरीत येत नाही.

2015 ची शेवरले कॉर्व्हेट झेड06 आठवा. 6.2 लिटरचं सुपरचार्जर लावलेलं इंजिन, 650 हॉर्सपॉवर, अमेरिकेत किंमत 80 हजार डॉलरच्या आत. कागदावर इतक्या पैशांत इतकं कुणीच देत नव्हतं. ट्रॅकवर नेल्यावर मात्र मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या: काही फेऱ्यांत इंजिन तापतं आणि गाडी स्वतःच ताकद कमी करून घेते. 2017 च्या मॉडेलला बॉनेटवर मोठे झरोके आले. त्याच वर्षी काही मालक कोर्टातही गेले. गाडी वेगवान होती, यात शंका नाही. फक्त तो वेग हवा तितका वेळ टिकत नव्हता.

मग दुप्पट नाही, पण दीडपटीहून जास्त पैसे टाकून पोर्शे 911 जीटी3 घ्यावी? तेव्हा तिची किंमत साधारण 1 लाख 30 हजार डॉलर. जीटी3 च्या आधीच्या पिढ्यांतलं इंजिन पोर्शेचे इंजिनतज्ज्ञ हान्स मेट्सगर यांच्या परंपरेतलं, 1998 ला ल मॉन्सची 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या गाडीशी नातं सांगणारं. नव्या पिढीला 2013 मध्ये पूर्ण नवं इंजिन मिळालं: 3.8 लिटर, 475 हॉर्सपॉवर, मिनिटाला 9000 फेरे. आणि 2014 च्या सुरुवातीला दोन गाड्या पेटल्या.

(दृश्य: टेबलावर एकच बोल्ट. कॅमेरा हळूहळू जवळ.)

कारण एवढंसं. पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल झाला, रॉडने क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, फोडली, तेल बाहेर आलं आणि भडकलं. आतली शिलाई, रंगाची झिलई, दाराचा तो 'ठप्प', सगळं जागच्या जागी होतं. चुकला एक बोल्ट. पोर्शेने ग्राहकांना गाडी चालवूच नका म्हणून सांगितलं आणि त्या मॉडेलच्या सगळ्या 785 गाड्यांची इंजिनं बदलून दिली. दुरुस्ती नाही, अख्खी इंजिनं. एवढा पैसा घेतल्यावर ते करायलाच हवं होतं, असंही कुणी म्हणेल. म्हणू द्या. मला तरी त्या जास्तीच्या डॉलरांचा अर्थ इथे लागतो.

गाडी नवी असताना आपल्याकडे विचारतात, 'कितीला घेतली?' आणि वर्षभराने, 'कितीला पडली?' टायर, पॅड, डिस्क, तेल, आणि विकताना हाती काय आलं, हे सगळं त्या 'पडली'मध्ये येतं. भारतात तर आयात करांनीच किंमत भरमसाट वाढते, वर सर्किटं मोजकीच, चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा अशा ठिकाणी.

(दृश्य: इंग्लंड, नॉरफकमधलं हेथेल. दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी.)

'पडली'चं सगळ्यात हुशार उत्तर इथे, लोटस कंपनीच्या कारखान्यात निघालं. 1996 ची लोटस इलीस. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या वेल्डिंग न करता चक्क डिंकासारख्या इपॉक्सीने चिकटवून केलेली चौकट, वजन 68 किलो. एखाद्या माणसाएवढं! अख्खी गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास. इंजिन फक्त 118 हॉर्सपॉवरचं. वजनच निम्म्याहून कमी, म्हणून ब्रेकमधली उष्णता कमी, टायरची झीज कमी, ब्रेकही छोटे चालतात. आत उघडं अ‍ॅल्युमिनियम, छप्पर कापडाचं, आणि पावसात त्याच्यावर फार विश्वास ठेवू नये. दार लावल्यावर आवाज येतो तो पत्र्याच्या डब्यासारखा.

दुखणं होतंच. त्यातल्या रोव्हर कंपनीच्या के-सीरीज इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली सीलबंद पट्टी, जायची, मग पाणी तेलात मिसळायचं. 2004 पासून टोयोटाचं इंजिन येऊ लागलं. 2021 मध्ये इलीसचं उत्पादन थांबलं.

(दृश्य: एक अंगण. जुनी इलीस. घ्यायला आलेला माणूस.)

जाणकार गिऱ्हाईक दाराला हातही लावत नाही. इंजिनावरचं तेलाचं झाकण फिरवून काढतो, उलटं करतो आणि उजेडात धरतो. आतल्या बाजूला दुधाळ साय नाही ना, एवढं बघतो. झाकण परत बसवतो, हात पुसतो, आणि मग विचारतो, "कितीला देणार?"