राजवाड्यातली शाळा

साताऱ्यात 'राजवाडा' म्हटले की आज बसथांबा, चौपाटी आणि संध्याकाळची गर्दी आठवते. परंतु ज्या वास्तूवरून या भागाला हे नाव मिळाले, त्या जुन्या राजवाड्याने सरदार-मानकऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक काळ विद्यार्थ्यांची वर्दळ पाहिली आहे.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी हा वाडा १८२४ च्या सुमारास बांधून घेतला. मराठा वाड्यात भार पेलतो तो प्रामुख्याने लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा, त्यामुळे जागेचे मोजमाप खोल्यांत नव्हे, तर दोन खांबांमधील अंतराने, म्हणजे खणांनी होते. चार खण आडोसा घालून वेगळे केले की वर्ग तयार होतो, आणि चौकाकडून उजेड व वारा आत येतो. राहण्यासाठी आखलेली ही रचना शाळेला इतकी सोयीची ठरावी, हा योगायोग खचितच नव्हे. माणसांचा मोठा राबता सामावून घेणे हेच वाड्याचे मूळ काम होते.

महाराजांना मात्र हा वाडा फार काळ लाभला नाही. १८३९ मध्ये कंपनी सरकारने त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि १८४७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे बंधू आप्पासाहेब महाराज १८४८ मध्ये निवर्तले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य खालसा करण्यात आले. १८५१ मध्ये सुरू झालेली सरकारी इंग्रजी शाळा पुढे या वाड्यात भरू लागली. जिल्हा परिषदेच्या या शाळेला आज प्रतापसिंह महाराजांचेच नाव आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचा प्रवेश झाला. नोंदवहीतील क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ही नोंदवही शाळेने जपली असून, २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

ज्या राजाने महादरे तलावाचे पाणी शहरात आणले, त्याच्या राजधानीत या मुलाला तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. साताऱ्यातील शालेय दिवसांविषयी डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवले आहे की, वर्गात त्यांना कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि नळ शिपायानेच सोडावा लागे; शिपाई जागेवर नसला, तर पाणी मिळत नसे. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला गेले आणि त्यांचे पुढील शिक्षण तेथे झाले.