ऊस कुठे ओढायचा, हे पोरांना ठाऊक असतं

मंडळी, गळीत हंगामात ऊस ओढायला आम्ही पोरं कुठे दबा धरून बसायचो? सरळ रस्त्यावर कधीच नाही. मारुतीच्या देवळाशी रस्ता मोडायचा, एका अंगाला विहिरीचा कठडा, दुसऱ्या अंगाला कुणाचा तरी कट्टा पुढे आलेला. तिथं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आपसूक मुंगीच्या पावलानं चालायचा. पाटी नव्हती, पोलीस नव्हता. निपाणी-चिकोडीकडची मंडळी हसताहेत, म्हणजे त्यांनीही ओढलेला दिसतोय!

वेग रस्ता ठरवतो, पाटी नाही. मला आज एवढंच सांगायचं आहे.

आपल्या बेळगावच्या उपनगरांतला नवा काँक्रीटचा रस्ता बघा की. सरळसोट, रुंद, मोकळा. तो गाडीवाल्याला म्हणतो, ‘ये, पळव.’ मग आपण हंप, म्हणजे गतिरोधक, मागतो. आमच्या गल्लीत तर मागायचीही वाट बघितली नाही. कुणाच्या तरी स्लॅबचं उरलेलं काँक्रीट रात्रीत ओतलं. घमेलं मीही उचललं होतं, सांगायला लाज वाटते. पहाटे दूधवाला कॅनसकट आडवा झाला, गल्लीभर दूध. तेव्हा कुठे मी टेप लावली. फूटभर रुंद, सहा इंच उंच! रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची 1988 ची शिफारस आहे, गोलसर हंप, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच. गाडी ताशी 25 किलोमीटरनं सुखरूप जावी म्हणून. आम्ही घातला तो हंप नव्हता, उंबरा होता. आणि हंप नीट घातला तरी लोक तेवढ्यापुरता ब्रेक दाबतात, पुढे राग काढल्यासारखी गाडी पिळतात.

ताशी 50 नं गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते, 30 नं आठ. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच साधारण सेकंद जातो. चेंडूमागं पोर धावत आलं, तर हे सहा मीटर फार झाले.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात 1960 च्या दशकाच्या अखेरीला ‘वोनर्फ’ नावाचे रस्ते झाले. म्हणजे राहण्याचं अंगण. फूटपाथ आणि रस्ता एका पातळीवर. झाडं, बाकं, पार्किंग आळीपाळीनं दोन्ही बाजूंना, म्हणजे लांबवर सरळ नजर जात नाही. गाडीला नागमोडी, चालण्याच्या वेगानंच जावं लागतं. 1976 मध्ये तिथं याला कायद्याचा आधार मिळाला.

आता ‘आमच्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं’ असं कृपा करून म्हणू नका. तो कट्टा सरळसरळ अतिक्रमण होता! पण त्यातलं मर्म घेता येतं. गल्लीचं तोंड अरुंद करा. कोपऱ्याची गोलाई कमी ठेवा. मोठ्या गोलाईवर गाडी वेग न उतरवता वळते. पार्किंग निम्म्या गल्लीपर्यंत डावीकडे, पुढे उजवीकडे आखा. मात्र आगीचा बंब जाईल एवढी वाट सोडायची आणि गटाराचं तोंड बुजवायचं नाही. आपला पाऊस माहीत आहे की. बसचा, उसाच्या ट्रॉल्यांचा मोठा रस्ता यातून वगळा, ते गणित वेगळं.

मागून प्रश्न आलाय, शिवजयंतीचा चित्ररथ कसा जाणार? बरोबर विचारलंत. म्हणून आधी कुंड्या ठेवायच्या, त्या दिवशी उचलायच्या. बांधकाम वर्षभरानंतर. येत्या रविवारी आमच्या गल्लीत खडूनं आखून बघणार आहोत. खडू मी आणतो. दूधवाल्यालाही बोलावलंय.