न दिसणारं पटल

[पडद्यावर: लाल कांद्याच्या जांभळट पेशी, 100 पट मोठ्या]

विटांसारख्या रचलेल्या या पेशी लाल कांद्याच्या आहेत. प्रत्येकीभोवती जी ठळक रेघ दिसते, तिला पुष्कळजण पेशीपटल समजतात. ती पेशीभित्तिका आहे, सेल्युलोजची. पटल तिला आतून चिकटलेलं असतं आणि त्याची जाडी असते जेमतेम 7 ते 8 नॅनोमीटर. एक मिलिमीटर भरायला अशी सव्वा लाख पटलं एकावर एक रचावी लागतील. साध्या सूक्ष्मदर्शीची नजर 200 नॅनोमीटरच्या आसपास थांबते, त्यामुळे पटल दिसत नाहीच. ते कुठे आहे, हे मात्र दाखवता येतं. त्यासाठी मीठ पुरतं.

100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवा. कांद्याची एक मांसल पाकळी घेऊन तिच्या बाहेरच्या, फुगीर बाजूची पातळ साल चिमट्याने सोलून काढा. आतल्या बाजूची साल सोलायला सोपी, पण ती रंगहीन असते; तिच्यात पुढचा बदल नीट कळत नाही. 5 मिलिमीटरचा तुकडा लगेच काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात ठेवा. हवेत वाळला, तर पेशी पाहण्याआधीच मरतात. वरची काच तिरकी धरून हळूच टेकवा. सपाट टाकली की खाली बुडबुडे अडकतात, आणि काळ्या कडांचे ते गोल बुडबुडे नवख्याला पेशीच वाटतात!

आता काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टीपकागद लावा. कागद पाणी ओढतो, मिठाचं द्रावण आत सरकतं.

[पडद्यावर: रंग भित्तिकेपासून सुटून आत गोळा होतो आहे]

काही मिनिटांतच रंग कडेपासून सुटू लागतो. हा रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत असतो. पूर्ण वाढलेल्या कांद्याच्या पेशीची बहुतेक जागा ही एकच मोठी रिक्तिका व्यापते; पेशीद्रव्य आणि केंद्रक कडेला ढकललेले असतात. बाहेर मीठ जास्त झालं, पाणी बाहेर निघालं, रिक्तिका आक्रसली, म्हणून रंगही गडद झाला. याला रससंकोच म्हणतात. आक्रसलेल्या गोळ्याची कड जिथे आहे, तिथे पटल आहे. आणि भित्तिका व पटल यांच्यामधली जागा? ती रिकामी नाही. तिथे मिठाचं पाणी आहे, कारण भित्तिका मीठ अडवत नाही. अडवतं ते पटल.

ते हे कसं करतं? 1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर एकपदरी पसरवला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरलं. म्हणजे पटल दुपदरी. दोन्ही पदरांची पाणी नकोसं असलेली टोकं आत तोंड करून असतात. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड या मेदातून सहज आरपार जातात. मिठातल्या सोडियमसारख्या विद्युतभारित आयनांना तो जवळजवळ बंदच असतो. पाणी थोडं मेदातून झिरपतं, पण वेगाने जातं ते अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाटांमधून. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या प्रवासात पेशीची ऊर्जा खर्च होत नाही. उलट दिशेने, म्हणजे कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे न्यायचं असेल, तर मात्र होते. प्राण्यांच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप दर फेरीला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूंपैकी एक खर्चून 3 सोडियम आयन बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. अशा प्रकारे बाहेर साठवलेल्या सोडियमचा उपयोग आतडं मोठ्या खुबीने करतं: आत परतणाऱ्या सोडियमसोबत ग्लुकोजही खेचून घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी येतं. ओआरएसच्या एका लिटरमध्ये 2.6 ग्रॅम मिठाबरोबर 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं ते याचसाठी, चवीसाठी नव्हे. साखर जास्त घातली, तर परासरणाची, म्हणजे पटलातून पाणी सरकण्याची, दिशा फिरते आणि पाणी आतड्याच्या पोकळीत ओढलं जाऊन जुलाब वाढतात.

तांबड्या रक्तपेशीला भित्तिकेचा आधार नसतो. 0.9 टक्के मिठाच्या द्रावणात ती जशीच्या तशी राहते. शुद्ध पाण्यात टाकली की फुगून फुटते. कांद्याची पेशी त्याच पाण्यात फक्त ताठ होते.

पुन्हा काचपट्टीकडे. मिठाचा थेंब टीपकागदाने ओढून घ्या, साधं पाणी सोडा. दोन-तीन थेंब लागतील, कारण पहिल्याने मीठ पूर्ण धुतलं जात नाही. रंग पसरत पुन्हा भित्तिकेला टेकतो. काही पेशींत तसं होणार नाही: मीठ फार तीव्र होतं किंवा तुकडा त्यात फार वेळ राहिला, तर पटल फाटतं आणि जांभळा रंग फिका होत आजूबाजूच्या पाण्यात मिसळून जातो.