फूल, दोन पाने आणि विहीर

श्रोतेहो, नमस्कार.

१६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. आमची डिचोलीची आजी मत देऊन आली आणि रात्रभर कूस बदलत राहिली. मत फुलाला दिले की पानांना, ते तिने कधीच सांगितले नाही. म्हणायची, "पोर्तुगिजांच्या राज्यात कोणी विचारलेच नव्हते रे. विचारले, तर छातीत धडधडले."

त्या धडधडीला डेन्मार्कच्या सोरेन किर्केगार्द या तत्त्वज्ञाने १८४४ साली नाव दिले: स्वातंत्र्याची घेरी. आमच्या परसात चिऱ्यांची विहीर होती. लहानपणी मी कठड्यावर ओणवा होऊन आत बघायचो. खाली काळे पाणी, त्यात माझेच इवले डोके. पडायची भीती तर वाटायचीच, पण आपल्याला उडीही मारता येते, हे ध्यानात आले की हात आपोआप कठडा आवळायचे. घेरी डोळ्यांतली की विहिरीतली? किर्केगार्द म्हणतो, दोन्हींतली.

या माणसाने १८४१ मध्ये रेगिने ओल्सेनशी ठरलेले लग्न मोडले आणि पुढे जन्मभर त्याचाच हिशेब मांडत बसला. (मला तिचीच दया येते, पण ते असो.) देवापुढे प्रत्येकाने एकट्याने उभे राहायचे, हा त्याचा हट्ट. डेन्मार्कमध्ये जन्मला म्हणून कोणी आपोआप ख्रिस्ती होत नाही, असे तो तिथल्या राजमान्य चर्चला शेवटपर्यंत सुनावत राहिला. आपल्याकडच्या देवळा-इगर्जीतल्या गर्दीलाही हे झोंबेल.

पण एकटेपणावरच थांबायचे का? रशियातून १९२२ मध्ये हद्दपार झालेला तत्त्वज्ञ बेर्द्याएव तर म्हणे की स्वातंत्र्य देवानेही निर्माण केलेले नाही. मला मात्र फ्रान्सचा तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल जवळचा वाटतो. पहिल्या महायुद्धात तो रेड क्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करी. प्रत्येक सैनिकाचे एक कार्ड. नातेवाईक विचारायला येत, आणि कार्डावरचे नाव कोणाचा तरी मुलगा होऊन त्याच्यासमोर उभे राही. तिथून त्याला उमगले की मोकळे असणे म्हणजे समोरच्याच्या हाकेला ओ देण्याइतके रिकामे असणे. १९२९ मध्ये तो कॅथलिक झाला, तोही चाळिशीच्या उंबरठ्यावर, स्वतः निवडून.

आजीला हे मी सांगितले असते तर तिने विचारले असते, "मग तो मुलगा सापडला का?"