बॅगेतला अंधार

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जुन्या फिल्म कॅमेऱ्यासाठी बॅग कशी निवडावी’. बॅगेवर मी येणारच आहे. पण आधी कॅमेरा हातात घेऊ. त्याच्या अंगावर कुठे काय आहे हे ठाऊक नसताना बॅग घेणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल घेणं.

हा माझा पेंटॅक्स के-१०००. हे मॉडेल १९७६ साली आलं आणि १९९७पर्यंत बनत राहिलं. एका सेकंदापासून एक हजारांश सेकंदापर्यंतचं शटर, सगळं स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. आणि गंमत अशी की त्या मीटरला बंद करायचं बटणच नाही. लेन्समधून उजेड आला की मीटर जागं, अंधार झाला की झोपलं. तेव्हा सेल वाचवायचा तर कॅमेरा अंधारात ठेवायचा. तो अंधार कोण देतं? लेन्सचं झाकण, नाहीतर बॅग. मी गेली कित्येक वर्षं जे सांगतोय ते इथूनच सुरू होतं. बॅग हा कॅमेऱ्याचा पार्ट आहे, लेन्स जसा पार्ट आहे तसा. आपण मात्र ती सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्या पैशात घेतो.

आता हा डावीकडचा नॉब बघा. मागच्या रांगेला दिसतोय ना? रोल संपला की ही छोटी दांडी उघडून फिरवायची, फिल्म परत डबीत जाते. आणि हाच नॉब वर ओढला की मागचं दार उघडतं. एका नॉबला दोन कामं. मधे कुलूप नाही, अडसर नाही. निकॉनच्या एफएम-२ला नॉबपाशी एक बारीक खिट्टी आहे, ती सरकवल्याशिवाय दार उघडत नाही. ती ज्याने बसवली त्या माणसाला मी मनोमन नमस्कार करतो. का, ते सांगतो.

माझे मामा घड्याळं दुरुस्त करायचे. पन्नासएक वर्षं एकाच टेबलापाशी बसून. डोळे साथ देईनात तेव्हा त्यांनी काम थांबवायचं ठरवलं आणि शेवटच्या दिवशी मला म्हणाले, “ये रे, तुझा तो डबा घेऊन.” मी नवी बॅग घेऊन गेलो. कंपनीचं नाव घेत नाही. चांगली जाड फोमची, बारा कप्पे, झाकणाच्या आतून इलॅस्टिकची जाळी, म्हणे कागदपत्रं ठेवायला. कॅमेऱ्यात ट्राय-एक्स होता, कोडॅकचा कृष्णधवल रोल, ४०० आयएसओचा. खिडकीतून एका बाजूने उजेड येत होता, पडदे वगैरे काही नाही, नुसता सकाळचा उजेड. मी आधी टेबल घेतलं, चिमटे, तेलाची बाटली, दातेरी चाकं, डोळ्याला लावायचं भिंग. मग हात घेतले. ते काम करताना बोलत नसत, त्यामुळे मीही गप्प. चेहऱ्याकडे मी अगदी शेवटी वळलो, सुरुवातीला ते कॅमेऱ्यासमोर अवघडलेले होते म्हणून. तासाभराने ते विसरले की मी तिथे आहे, आणि मग मिळाला तो चेहरा. आठ-नऊ फ्रेम. सहा-सात फ्रेम शिल्लक होत्या, म्हणून कॅमेरा तसाच बॅगेत ठेवला, आम्ही चहा घेतला. निघताना दारात त्यांचा एक घ्यावा म्हणून झाकण उघडलं. नॉबची दांडी जाळीत अडकली होती. झाकण वर आलं, जाळीने नॉब वर उचलला आणि ‘खट्’ झालं. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती कुणाच्या तरी कामी येईल. अशा कॅमेऱ्यात काढलेली फिल्म डबीतून बाहेर येऊन उजवीकडच्या रिळावर गुंडाळत जाते. सगळ्यात आधी काढलेली फ्रेम सगळ्यात आत, सगळ्यात शेवटची सगळ्यात वर. दार उघडलं की उजेड वरच्या वेढ्यांना खातो आणि तेच वेढे आतल्यांना झाकतात. म्हणून दार उघडलंच तर ताबडतोब बंद करा, आणि रोल फेकू नका, धुवून घ्या. मी धुतला. चिमटे आहेत, बाटली आहे, हात आहेत. चेहरा एकाही फ्रेममध्ये नाही. एकीत कान आणि चष्म्याची काडी आहे, बाकी पांढरं. मामा त्यानंतर त्या टेबलापाशी बसले नाहीत.

त्या दिवसापासून मी बॅग बाहेरून बघत नाही. उघडतो आणि आत हात फिरवतो. विक्रेता कापडाबद्दल, पाण्याबद्दल बोलत असतो, मी झाकणाच्या आतलं अस्तर चाचपत असतो. अस्तर सपाट हवं. जाळी नको, लोंबती पट्टी नको, कॅमेऱ्याच्या बाजूला उघडं वेल्क्रो नको. ऑलिम्पस ओएम-१ असेल तर त्याच्या मीटरचा खटका वरच्या पत्र्यावर आहे. तो बॅगेत सरकला की मीटर रात्रभर चालू. एफएम-२ची फिल्म ओढायची दांडी आत दाबलेली असली की शटरचं बटण अडतं. कुठे अडकून ती बाहेर आली की बटण मोकळं झालं. प्रत्येक कॅमेऱ्याचं असं एकेक दुखणं असतं आणि बॅगेला ते माहीत असावं लागतं.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, मग भराभर.

आकार. एक बॉडी, दोन लेन्स, चार रोल मावतील एवढीच. मोठ्या बॅगेत छोटा कॅमेरा हिंदकळतो आणि रिकामी जागा आपण भरतोच. आज मिळणाऱ्या बऱ्याच बॅगा जाडजूड डिजिटल कॅमेऱ्यांच्या मापाच्या आहेत, त्यात ओएम-१सारखा पाचशे ग्रॅमचा कॅमेरा हरवतो. जिम डॉमकी हा फिलाडेल्फियातला वृत्तपत्र छायाचित्रकार. त्याने सत्तरच्या दशकात स्वतःसाठी मऊ कॅनव्हासची बॅग केली, अंगाला लागून बसणारी, न बघता हात जाईल अशी. इंग्लंडची बिलिंगहॅम कंपनी १९७३ साली मासे पकडणाऱ्यांसाठी बॅगा शिवू लागली, आणि त्या छायाचित्रकारांनीच उचलल्या. दोन्हींचं मर्म एकच, हात न बघता आत गेला पाहिजे.

चामड्याची एव्हररेडी केस, म्हणजे कॅमेऱ्याच्या मापाचं घट्ट बसणारं आवरण. दिसायला देखणी, पण कॅमेरा तिच्यात महिनोन्महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि लेन्सला बुरशी लागते. तेच बॅगेचं. बॅग नेण्या-आणण्यासाठी, घरी आल्यावर कॅमेरा बाहेर काढा, कोरड्या जागी ठेवा. सिलिका जेलची पुडी टाकली असेल तर निळे दाणे गुलाबी झाले की ती वाळवा.

लायकासारखे रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून नाही तर बाजूच्या वेगळ्या खिडकीतून बघायचे कॅमेरे, शटरचा पडदा कापडी असलेले. त्यात पडद्यापुढे आरसा नसतो. उघडी लेन्स उन्हाकडे राहिली तर पडद्याला भोक पडतं. तेव्हा गळ्यात लटकवण्यापेक्षा बॅगेत, आणि झाकण लावून.

विमानप्रवास. रोल पारदर्शक पिशवीत, वरच्या खिशात, मागितली की लगेच हातात देता येईल अशी. चेक-इनच्या सामानात कधीच टाकू नका. नव्या सीटी स्कॅनरने फिल्म खराब होते, म्हणून हाताने तपासा अशी विनंती करायची.

जुना फोम. कॅमेऱ्याच्या दाराच्या खाचेतला फोम वर्षांनी चिकट काळा लगदा होतो आणि उजेड आत येतो. बॅगेच्या आतल्या जुन्या फोमचंही तसंच. बोटाला काळं लागलं तर ती बॅग कॅमेऱ्यासाठी संपली.

दुसरी चिठ्ठी. ठीक आहे. इथे टेबलावर तीन बॅगा ठेवल्यात, आणि ती जाळीवालीही आणलीय. ज्यांनी कॅमेरे आणलेत त्यांनी पुढे या. कॅमेरा आत ठेवायच्या आधी झाकण उलटं करून अस्तरावरून हात फिरवून बघा. रोल भरलेला असेल तर जाळीवाल्या बॅगेपासून लांब राहा.