न पाहिलेलं सासर

(पडद्यावर: भरतीचं पाणी, काठावरचा चिखल, दूरवर एक होडी.)

कोलकात्याच्या सियालदह स्थानकावरून लोकल पकडायची आणि कॅनिंगला उतरायचं. तिथे लोहमार्ग संपतो आणि समोर येते मातला नदी. हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी कळतं की नाव ठेवणाऱ्यांनी विचार करून ठेवलं आहे. इथून पुढे सुंदरबन. गावं बेटांवर वसलेली. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. इथे घड्याळापेक्षा पाण्याचं ऐकावं लागतं, आणि टपालही होडीतूनच येतं.

याच मुलखातल्या एका शाळामास्तरची ही गोष्ट. त्याचं नाव स्नेहमय, शाळेत तो गणित शिकवतो. त्याची बायको मियागी जपानमध्ये राहते. पत्रमैत्री झाली, पत्रांतूनच मन जुळलं, लग्नही पत्रातूनच झालं. वर्षांमागून वर्षं गेली, पण नवरा-बायको एकदाही समोरासमोर आले नाहीत.

ही कथा लिहिली कुणाल बसू यांनी, इंग्रजीतून. अपर्णा सेन यांनी तिच्यावरून ‘द जॅपनीज वाइफ’ हा चित्रपट केला, तो 2010 साली आला. स्नेहमय झालेत राहुल बोस आणि मियागी चिगुसा ताकाकू. चित्रपटात बंगाली आहे, जपानी आहे, आणि पत्रांतलं मोडकंतोडकं इंग्रजी आहे. पत्रं आपल्याला त्यांच्याच आवाजात ऐकू येतात. क्रियापदं चुकतात, वाक्यं अर्ध्यावर अडखळतात. ती भाषा दोघांपैकी कुणाचीच नाही, म्हणून तिच्यात कुणी कुणाच्या वरचढ होत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. परक्या घरातल्या माणसाशी लग्न केलं की बहुतेकदा एकानेच दुसऱ्याच्या भाषेत राहायला जायचं असतं, आणि बहुतेकदा ते बाईच्याच वाट्याला येतं.

(पडद्यावर: मोठं खोकं उघडतं. रंगीत जपानी पतंग.)

लग्नाच्या वाढदिवसाला मियागी पतंग पाठवते. नदीकाठच्या त्या गावावर जपानी पतंग चढतात, गावातले पतंग त्यांना भिडतात, सगळी पोरं काठावर लोटतात. सूनबाई गावाने पाहिलेली नाही, पण तिचे पतंग अख्ख्या गावाने पाहिले.

हे लग्न खरं का, असा प्रश्न पडतो. 1954 चा विशेष विवाह कायदा काढून बघितला तर वधू-वर आणि तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. इथे सह्या फक्त पत्राखालच्या. पण चित्रपट कायद्याच्या वाटेला जात नाही. तो जातो घरात. घरात मावशी आहे, मौसमी चटर्जींनी उभी केलेली. स्नेहमयला तिनेच वाढवलं. पुढे त्या घरात संध्या येते, तरुण विधवा, सोबत आठ वर्षांचा पोल्टू. हिच्याशीच भाच्याचं लग्न व्हावं असं एके काळी मावशीच्या मनात होतं.

राहून राहून मला आठवते ती संध्याच. रायमा सेनच्या वाट्याला संवाद थोडे आहेत. डोक्यावरचा पदर, ताट वाढणारे हात, आणि स्नेहमय समोर आला की किंचित थबकणं. हाताच्या अंतरावर उभी असलेली ही बाई आणि हजारो मैलांवरची ती बायको. स्नेहमयचा जीव पोल्टूत गुंततो, संध्येची सवय होते, तरी तो लग्नाला जागतो. त्याच्या मनाची ओढाताण अपर्णा सेन बोलून दाखवत नाहीत. ते आपणच ओळखायचं.

मग मियागी आजारी पडते. मास्तर शाळेतून लांबलचक रजा काढतो आणि तिच्या दुखण्यावर इथे बसून उपाय शोधू लागतो. कोलकात्याला कर्करोगाच्या डॉक्टरकडेही जातो. रोगी समोर नाही, हातात फक्त तिचे कागद. डॉक्टर तरी काय करणार? परतीच्या वाटेवर तुफान गाठतं. भिजून आलेल्या स्नेहमयला न्यूमोनिया होतो, आणि खवळलेल्या पाण्यापलीकडून औषध आणता येत नाही. मातला आडवी येते. चित्रपट पडद्यावर येण्याच्या वर्षभर आधी, मे 2009 मध्ये, आयला वादळाने याच बेटांचे बांध फोडले होते. पडद्यावरचं ते वादळ बघताना तेही आठवतं.

(पडद्यावर: जुनं बंदर, आगबोट.)

बंगाल-जपान हे नातं कल्पनेतलं नाही. ढाक्याच्या हरिप्रभा यांनी उएमोन ताकेदा या जपानी माणसाशी लग्न केलं होतं. 1912 साली त्या बोटीने जपानला, सासरी, निघाल्या. त्या प्रवासावर त्यांनी बंगालीत पुस्तक लिहिलं, ते 1915 मध्ये छापून आलं. न पाहिलेल्या सासरी जाताना पोटात काय कालवतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मियागीही शेवटी सासरी येते. होडीतून, एकटी. अंगावर पांढरी साडी, केस उतरवलेले. बंगालमध्ये हा विधवेचा वेष. तिच्या देशात मात्र परंपरेतली नवरी पायापासून डोक्यापर्यंत पांढरंच नेसते. ज्या रंगात तिने या घरात पहिलं पाऊल टाकायचं, तो एका देशात सौभाग्याचा आणि दुसऱ्या देशात वैधव्याचा. तिने कुणालाही न विचारता इथला अर्थ उचलला.

आणि तिला घरात घेते ती संध्या. स्वतःही पांढऱ्या साडीतली.

(पडद्यावर: ओहोटी. काठाला टेकलेली रिकामी होडी.)