घरबसल्या पाहावी अशी एक पेटी

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये देवमाशाच्या हाडाची एक कोरीव पेटी आहे. तिला फ्रँक्स कास्केट म्हणतात. लांबी जेमतेम २३ सेंटिमीटर. इसवी सन ७०० च्या आसपास उत्तर इंग्लंडमधल्या कुणा अँग्लो-सॅक्सन, म्हणजे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या जर्मॅनिक लोकांमधल्या, कारागिरानं ती घडवली. प्राचीन जर्मॅनिक लोकांच्या वस्तू अभ्यासायच्या आहेत, पण युरोपला जाणं जमणार नाही, असं कुणी म्हटलं की मी आधी ही पेटी बघायला सांगतो.

म्युझियमच्या संकेतस्थळावर तिचा नोंदणी क्रमांक टाका: १८६७,०१२०.१. समोरच्या बाजूचा फोटो उघडा आणि मोठा करत जा. डावीकडे जर्मॅनिक दंतकथेतला वेलंड लोहार उभा आहे. राजानं त्याला कैदेत टाकलं, म्हणून त्यानं राजाच्या मुलांना मारून सूड घेतला. त्याच्या सांडशीत मुंडकं आहे, आणि ऐरणीखाली राजपुत्राचं शिर नसलेलं धड! उजवीकडे मात्र बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन ज्ञानी पुरुष. सूडाची जुनी कथा आणि नवा धर्म एकाच फळीवर शेजारी-शेजारी कोरलेत. भोवती रून या जुन्या जर्मॅनिक लिपीतल्या ओळी आहेत, किनाऱ्यावर येऊन अडकलेल्या देवमाशाविषयी. अक्षरन् अक्षर निरखता येतं.

मग खालचा मजकूर वाचा. तो बरेच जण सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. फ्रान्समधल्या ओझों गावात एका घरी ही पेटी शिवणाचं सामान ठेवायला वापरत. चांदीचे जोड काढले गेले आणि ती सुटी झाली. म्युझियममधलेच अधिकारी ऑगस्टस फ्रँक्स यांनी १८६७ साली ती म्युझियमला दिली, तेव्हा उजवी बाजू बेपत्ता होती. ती आज फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात आहे. दोन देशांत विभागलेली ही पेटी पडद्यावर दोन खिडक्या उघडून एकत्र बघता येते.

नंतर पूर्व इंग्लंडमधल्या सटन हूकडे वळा. १९३९ साली तिथे जहाजातलं दफन सापडलं. त्यातल्या सोन्याच्या खांदेबकलांवर लाल गार्नेटच्या पातळ चकत्या बसवल्या आहेत. फोटो पुरेसा मोठा केलात तर चकत्यांखालचा नक्षीदार सोन्याचा पत्रा चमकताना दिसेल. आपल्याकडे जडावाच्या कामात खड्याखाली वर्ख घालतात, तीच युक्ती. आणि पाचव्या-सहाव्या शतकातल्या फ्रँक या जर्मॅनिक लोकांच्या दागिन्यांतल्या बऱ्याच गार्नेटचं रासायनिक विश्लेषण चक्क भारत आणि श्रीलंकेकडे बोट दाखवतं.

एक मात्र सांभाळा. ब्रोच, म्हणजे कपड्याला टाचायचा दागिना, बघताना तो कुठे सापडला ते आधी तपासा, आणि पाठीमागचा फोटो असेल तर तोही बघा. टाचणीची ठेवण तिथेच कळते. एकोणिसाव्या शतकात बाजारातून संग्राहकांकडे गेलेल्या कितीतरी सुंदर ब्रोचचं मूळ ठिकाण नोंदलेलंच नाही. त्यांवरून कारागिरी जरूर शिका, पण कुठली टोळी कुठे स्थलांतरित झाली, हे त्यांच्या आधारे ठरवू नका.